गडावर जाऊन सांगते

प्रभाबाईंना काहीही विचारा, उत्तर तयार असायचं. वरणात काय कमी पडलंय, शेजारचा गोरा आपल्या बायकोशी का बोलत नाही, असल्या थंडीत माणसानं राहायचं तरी कशाला, सगळं त्यांना ठाऊक. पण प्रश्न मोठा निघाला, आयुष्याला हात घालणारा निघाला, की बाई पदर सावरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "गडावर जाऊन येते, मग सांगते."

ही त्यांच्या माहेरची रीत. माहेर नांदुरीचं, म्हणजे वणीच्या सप्तशृंगीच्या गडाच्या अगदी पायथ्याचं. वडिलांचं वर गडावर, पहिल्या पायरीशी, ओटीच्या सामानाचं दुकान. घरात लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची, वडील आधी देवीपुढं जाऊन उभे राहायचे आणि खाली आल्यावर हो की नाही ते सांगायचे. प्रभाबाईंना मागणी आली तेव्हा नवरदेवाकडच्या मंडळींना चहावर चहा पाजून ओसरीवर बसवून ठेवलं होतं, कारण वडील गडावर गेले होते. पुढं सासू जन्मभर टोमणा मारायची, "आमची सून काही फुकट नाही आली, देवीची परवानगी काढून आलीय."

तर अशा या प्रभाबाई. शाळा चौथीपर्यंत, पुढं दुकानात नारळ निवडायचं शिक्षण. नवरा गेल्यावर नाशिकच्या फ्लॅटला कुलूप लावून लेकाकडं कॅनडात आल्या. गाव लंडन. नाशिकच्या बायकांना वाटलं राणीच्या लंडनला चाललीय, म्हणून त्यांनी विमानतळावर जाताना नवी साडी नेसायला लावली. हे लंडन वेगळं, ऑन्टॅरिओमधलं, पोळपाटासारखं सपाट. गड सोडा, धड टेकाड दिसत नाही. पहिल्या वर्षी बाईंना ते सपाटपण फार खुपायचं. मग सवय झाली. तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुली बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत, त्यांना कुणीतरी वडीलधारं लागायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी सुट्टीत घरी निघाली, की प्रभामावशी तिची ओटी भरायच्या. विधवेनं ओटी भरू नये असं पूर्वी म्हणत. बाईंनी एकदा देव्हाऱ्यासमोर उभं राहून विचारलं होतं, "इथं दुसरं कोण आहे गं भरायला?" देवी काही बोलली नाही. तो होकार समजून त्यांनी ग्रोसरीतून ब्लाउजपीस आणि नारळ आणून ठेवले.

हे सगळं बरं चाललेलं असताना सुनेला दूर समुद्राकाठच्या हॅलिफॅक्सला नोकरी लागली.

सून म्हणजे अपूर्वा. नागपूरची, नर्स, बोलायला सरळ आणि कामाला वाघ. हॅलिफॅक्सच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला वरची जागा मिळाली. लेक शैलेंद्र काँप्युटरवाला, त्याला कुठं बसून काम केलं तरी चालतं. नात गौरांगीला समुद्र बघायचा होता. तिघांचं ठरलं. राहिल्या प्रभाबाई.

एके सकाळी अपूर्वा ड्यूटीचा डबा भरत होती. भरता भरता म्हणाली, "आई, तुम्ही पण चला ना आमच्याबरोबर. तिकडंच राहू सगळे."

बाईंच्या मनात गोड वाटलं. पण लगेच हो म्हणायचं म्हणजे जेवायला या म्हटल्याबरोबर पाटावर जाऊन बसण्यासारखं. त्या म्हणाल्या, "मी कशाला गं म्हातारी तुमच्यात? नको. मी आपली जाईन नाशिकला."

अपूर्वानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

ते "बरं" बाईंच्या घशाशी अडकून बसलं. असं कुठं असतं का? पंगतीत पहिल्यांदा नको म्हणायचं असतंच. वाढणारीनं थोडा आग्रह करायचा, खाणारीनं हात आडवा धरायचा, आणि मग पोळी पानात पडायची. दुसऱ्यांदा विचारील म्हणून बाई वाट बघत राहिल्या. आज विचारील, उद्या विचारील. अपूर्वानं खोकी भरली, पडदे उतरवले, पण तो विषय पुन्हा काढला नाही.

विचारायचा तो शैलेंद्र. सकाळ-संध्याकाळ. "आई, चल गं. गौरांगीला सोबत होईल. तुलाही बदल होईल." पण त्याचं विचारणं बाईंच्या हिशेबात धरायचं नव्हतं. लेकाला काय, आई हवीच असते, त्याचं सगळं आयतं होतं. घर जिच्या हातात असतं तिनं म्हणायला हवं. सून मनापासून या म्हणत नसेल त्या घरात म्हातारीनं पाय ठेवू नये, एवढं त्यांना चौथीच्या शिक्षणावर कळत होतं. आणि हे बोलून दाखवलं तर नवराबायकोत भांडण लावल्यासारखं. म्हणून त्यांनी ठेवणीतलं वाक्य काढलं.

"गडावर जाऊन येते, मग सांगते."

"आई, कुठला गड? इथून गड किती लांब आहे माहितीये का?"

"मग थांबा."

थांबता थांबता ऑगस्ट आला. ठरलं असं, की बाईंनी हॅलिफॅक्सला जाऊन घर लावायला मदत करायची आणि मग नाशिकचं तिकीट काढायचं. निदान सगळे तसं समजून होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात गौरांगीनं आपल्या फोनवर एक फोटो दाखवला. वाटेत मुक्काम होणार होता त्या क्युबेक शहराचा. खाली नदी, नदीकाठी दगडी घरं, मागं उभा कडा, आणि कड्यावरून चढणारा काचेचा डबा.

"आजी, लुक. तुझ्या गडाला आहे तशी ट्रॉली."

बाईंनी चष्मा लावला. खरंच तशी. सप्तशृंगीला आता अशीच रुळांवरची ट्रॉली झाली आहे. गुडघे गेल्यावर बाई एकदा तिच्यातून वर गेल्या होत्या आणि वडिलांच्या दुकानाशेजारची पायरी टाळून गेल्याबद्दल त्यांना चोरट्यासारखं झालं होतं.

"वर कोणती देवी आहे?"

"नो देवी, आजी. वर हॉटेल आहे."

"हॉटेल असणारच. भाविकांनी उतरायचं कुठं?"

गौरांगीनं बापाकडं पाहिलं. शैलेंद्रनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. त्याला तेवढंच हवं होतं. म्हणाला, "बघ आई, गड सापडला. आता वर गेल्यावर सांगावं लागेल हं."

"सांगीन की," बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी ग्रोसरीत जाऊन ओटीचं सामान घेतलं. चांगला पाणीदार नारळ कानाशी हलवून निवडला, हिरवा ब्लाउजपीस, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकू. डोंगर आहे, ट्रॉली आहे, म्हणजे वर आई असणार यात त्यांना शंका नव्हती. इतकी खटपट करून माणूस उगीच कशाला वर जाईल?

सामान ट्रकनं पुढं गेलं. स्वयंपाकघर मात्र बाईंनी ट्रकवाल्यावर सोपवलं नाही. कुकर, पोळपाट, मिसळणाचा डबा गाडीत त्यांच्या पायाशी, आणि ओटीची पिशवी मांडीवर. दिवसभर गाडी पळत होती. पुढच्या सीटवर अपूर्वा कधी झोपायची, कधी खिडकीतून बघायची. बाई मागून तिच्या अंबाड्याकडं बघायच्या. केस पातळ झाले होते पोरीचे. रात्रपाळ्यांनी होतं तसं. तेल लावून द्यायला पाहिजे असं त्यांच्या मनात आलं, आणि मग आलं की आपण लावून देणार किती दिवस, महिनाभर.

क्युबेकच्या खालच्या गावात गाडी लावायला जागाच नव्हती. दगडी बोळ, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, दुकानंच दुकानं, आणि ही गर्दी. बाईंना बरं वाटलं. पायथ्याला दुकानं असायलाच हवीत. शैलेंद्र म्हणाला, "तुम्ही तिघी उतरा, ट्रॉलीनं वर जा. मी पार्किंग शोधून पायऱ्यांनी येतो."

"पायऱ्या पण आहेत?" बाई खूश झाल्या.

"आहेत. बऱ्याच आहेत."

"चढ मग. पुण्य लागेल."

ट्रॉलीचं खालचं स्टेशन म्हणजे एक जुनं दगडी घर. भिंतीवर पाटी होती. गौरांगीनं वाचून सांगितलं, "आजी, एटीन सेव्हन्टी-नाइनपासून चालते."

"माझ्या पणजीच्या वेळची," बाई म्हणाल्या. "तेव्हाची गोरी माणसं पण गुडघ्यानं आजारी असणार."

डब्याचं दार उघडलं. बाईंनी उंबऱ्याशी वाकून चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. दाराशी उभी असलेली मुलगी फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. गौरांगीचा चेहरा लाल झाला. "आजी, प्लीज. इट्स नॉट अ टेंपल."

अपूर्वा पुढं झाली. तिनं खाली वाकून सासूच्या चपला उचलल्या, आपल्या पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यात घातल्या, आणि डब्यातली जमीन एकदा नजरेनं झाडून घेतली, कुठं काचबिच नाही ना म्हणून. "खिडकीपाशी उभ्या राहा आई," एवढंच म्हणाली.

कोपऱ्यात एक फ्रेंच आजी लहानसं कुत्रं घेऊन उभी होती. तिनं बाईंच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, जोडव्यांच्या पांढऱ्या वळांकडं पाहिलं आणि हसली. बाई म्हणाल्या, "बोंजूर." लंडनमध्ये एका मुलीनं शिकवलेला तेवढा एकच शब्द होता, तो खर्ची पडला.

डबा हलला आणि तिरका वर निघाला. खालची छपरं आधी डोळ्यांसमोर आली, मग पायांखाली गेली. दगडी घरांच्या चिमण्या, त्यांच्यामागं नदी. नदी कसली, समुद्राची धाकटी बहीण. तिच्यावर एक पांढरी बोट पलीकडच्या काठाला चाललेली. बाईंनी पिशवी छातीशी धरली आणि ओठातल्या ओठात आईचं नाव घेतलं. आठ वर्षं सपाट जमिनीवर चालून चालून आपण वर चढायचं असतं हेच त्या विसरल्या होत्या. अपूर्वानं मागून त्यांचा दंड धरला होता, पेशंटला धरतात तसा घट्ट, आणि डबा थांबेपर्यंत सोडला नाही.

वर आल्या. समोर लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता, कठड्याशी जुन्या तोफा, आइस्क्रीम खाणारी माणसं, एक जण पेटीसारखं काहीतरी वाजवत बसलेला. आणि मागं हिरव्या छपरांचा प्रचंड वाडाच म्हणावा असा किल्ला.

"हे देऊळ?" बाईंनी विचारलं.

"दॅट्स द हॉटेल, आजी."

बाईंनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. उंच चौथऱ्यावर एक पुतळा होता. जवळ जाऊन बघितलं तर मिशीवाला.

"हा कोण बाबा?"

"यानं शहर वसवलं," अपूर्वा म्हणाली.

"बायकोचं नाव कुठं दिसत नाही." बाईंनी त्याला लांबूनच नमस्कार केला, आता आलोच आहोत म्हणून. मग एका बाकावर बसल्या. पाय फळ्यांवर टेकले. लाकूड उन्हानं गरम झालं होतं, ते मात्र छान लागलं.

गौरांगी समोर येऊन उभी राहिली. "सो? आजी, आता सांग. नाशिक ऑर हॅलिफॅक्स?"

"देवी नाही इथं. देवी नाही तर उत्तर नाही."

"दॅट्स चीटिंग."

"तुझ्या बापानं फसवलं मला आधी. जा, आइस्क्रीम घे."

अपूर्वानं लेकीला कार्ड दिलं. पोरगी समोरच्याच गाडीपाशी रांगेत जाऊन उभी राहिली, तिथून दिसत होती. बाकावर सासू आणि सून उरल्या. दोघींमध्ये ओटीची पिशवी. नदीवरून वारा येत होता. अपूर्वा बोटीकडं बघत होती आणि बाई अपूर्वाकडं.

आता या सामानाचं करायचं काय? नारळ परत न्यायचा नसतो. पुतळ्याच्या बाबाला ओटी चालत नाही. बाईंना वाटलं, आपल्यासोबत घरची सवाष्ण बसलीय, नव्या गावी नव्या घरी चाललीय, देवीच्या नावानं तिचीच भरावी. त्यांनी पिशवी उघडली, ब्लाउजपिसात नारळ ठेवला, मूठभर तांदूळ घेतले.

"अपूर्वा, ओढणी धर पुढं."

अपूर्वानं वळून पाहिलं. नारळ पाहिला. तिचा चेहरा एकदम कसनुसा झाला.

"मी नाही घेत," ती म्हणाली.

बाईंचा हात तसाच राहिला. सून इतक्या वर्षांत कधी नाही म्हणाली नव्हती. "का गं? अडचण आहे का?"

"नाही. अडचण नाही."

"मग?"

"तुम्ही त्या बेसमेंटमधल्या स्वप्नालीची ओटी भरली, ती गावाला गेली. निधीची भरली, ती व्हँकूव्हरला गेली. जिची भरता ती दुसऱ्या दिवशी जाते." अपूर्वानं ओढणी घट्ट गुंडाळून घेतली. "हा निरोप आहे. हॅलिफॅक्सला जाऊन द्यायचा तो वाटेतच उरकून घेऊन राहिल्या तुम्ही."

अपूर्वा चिडली की नागपूर बाहेर यायचं. बाईंनी तांदूळ पुन्हा पिशवीत ठेवले.

"मी कशाला निरोप देऊ? तुम्हीच चाललात."

"तुम्ही नको म्हणाल्या होत्या."

"कधी?"

"मी डबा भरत होती तेव्हा. मी विचारलं, तुम्ही म्हणाल्या नको, नाशिकला जाते."

"हां, म्हटलं. मग?"

"मग काय मग? नाही म्हटलं ना तुम्ही. मी अठरा वर्षं या देशात नर्सिंग करून राहिली, आई. पेशंट नाही म्हणाला तर त्याला हात लावत नाही आम्ही. म्हातारा माणूस असला तर आणखीच नाही. पुन्हा पुन्हा विचारलं तर दबाव टाकल्यासारखं होते. आम्हाला शिकवतात तसं."

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. सगळा उन्हाळा त्या ज्या "बरं"वर कुढत होत्या, ते बरं हॉस्पिटलातलं होतं तर.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी काय पेशंट आहे? माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. तू मला पोळी वाढतेस तेव्हा मी काय म्हणते?"

"नको म्हणता."

"मग तू काय करतेस?"

"वाढते."

"का वाढतेस?"

"कारण तुम्हाला भूक असते ते मला दिसते."

"आणि हे नाही दिसलं?"

पेटीवाल्यानं नवं गाणं सुरू केलं. अपूर्वा हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं तुमचा जीव नाशिकमध्ये आहे. माझ्यासाठी तुम्ही इथं अडकून पडल्या असं व्हायला नको. शैलेंद्र विचारून राहिला होता, मी म्हटलं त्याचं त्याला विचारू दे, तुमचा मुलगा आहे. माझं म्हणाल तर..." ती थांबली. "तिथं वरची जागा आहे, आई. वीस-पंचवीस नर्सेस माझ्या हाताखाली राहतील. मला धडकी भरते. रात्री घरी आल्यावर कुणी तरी जागं पाहिजे. शैलेंद्र झोपला की उठत नाही."

"तो लहानपणापासून तसाच आहे."

"गौरांगीसाठी नाही विचारून राहिली मी. माझ्यासाठी म्हणते."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढून पदरानं पुसला. चष्मा काही मळलेला नव्हता.

"मग विचार की."

"काय?"

"परत विचार. नीट."

अपूर्वाला हसू आलं, डोळे भरलेलेच होते. ती बाकावर सरळ बसली, जसं काही मुलाखतीला आलीय. "आई, तुम्ही आमच्याबरोबर हॅलिफॅक्सला राहायला येता का?"

"नको गं, मी कशाला," बाईंच्या तोंडातून सवयीनं गेलं, आणि त्यांनीच कपाळाला हात लावला.

"वाढू का?" अपूर्वा म्हणाली.

"वाढ."

"या ना आई. माझं ऐका. मला बरं वाटेल."

"येते," प्रभाबाई म्हणाल्या. "आता तू एवढं म्हणतेस तर येते."

मग बाईंनी पुन्हा नारळ हातात घेतला. "आता तरी ओढणी धर. ही गृहप्रवेशाची समज. नव्या घराच्या दारात माझ्याआधी तुला शिरायचं आहे."

अपूर्वानं ओढणी पुढं धरली. शेजारच्या बाकावरचं जोडपं मान वळवून बघत होतं. कॅमेरा काढावा की काढू नये असं त्यांचं चाललं होतं. बाईंनी तांदूळ घातले, हळकुंड-सुपारी घातली, कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. अपूर्वा वाकून पाया पडली आणि पडता पडता नर्सच्या नजरेनं म्हणाली, "पायाला कुसळ लागलंय तुमच्या. चपला घाला आधी."

"घालते. पण एक सांगते. तिकडं स्वयंपाकघरात माझा कुकर वरच्या फळीवर ठेवायचा नाही. माझा हात पोचत नाही."

"खाली ठेवू. पण फोडणी देताना पंखा लावायचा. इथं अलार्म वाजतो म्हणून किती वेळा सांगितलं."

"तो अलार्म मेला नुसत्या जिऱ्याला पण ओरडतो."

"म्हणूनच पंखा लावायचा."

"बघू."

"बघू नाही. लावायचा."

"तुझ्या हाताखालच्या नर्सांची मला आत्तापासून दया येते," बाई म्हणाल्या.

गौरांगी चार कोन सांभाळत आली. आईच्या ओढणीत नारळ आणि कपाळाला कुंकू बघून तिनं भुवया वर केल्या. "व्हॉट डिड आय मिस?"

"काही नाही. तुझी आजी तुझ्या खोलीत झोपणार आहे," अपूर्वा म्हणाली.

"फॉरएव्हर?"

"घोरते म्हणून तक्रार करायची नाही," बाई म्हणाल्या. "तूही घोरतेस."

तेवढ्यात शैलेंद्र पायऱ्या चढून आला. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड उघडं, कठड्याला धरून उभा राहिला. सगळी वाट त्यानं बोलायचं मनाशी जुळवलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दम जरा खाली बसल्यावर तो आईसमोर आला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "हे बघ आई, मी काय म्हणतो ते शांतपणे ऐक. देवी नाही ते मला माहिती होतं, सॉरी. पण तू जरा विचार कर..."

"शैलेंद्र, तू बाजूला हो जरा, ऊन अडवतोयस," प्रभाबाई म्हणाल्या आणि सुनेकडं वळल्या. "तर मिसळणाच्या डब्याचं काय म्हणत होते मी? तो मात्र गॅसजवळच."

"गॅस नाही तिथं, इलेक्ट्रिक आहे," अपूर्वा म्हणाली.

"मग पोळ्या कशावर फुगवायच्या?"

"जाळी घेऊ आपण. मिळते."

शैलेंद्र आळीपाळीनं दोघींकडं बघत राहिला. "काय ठरलं?" त्यानं लेकीला विचारलं.

गौरांगीनं खांदे उडवले, त्याच्या वाटचं आइस्क्रीम वितळायला लागलं होतं ते एकदा चाटलं आणि त्याच्या हातात दिलं. खाली नदीवरची बोट पलीकडच्या काठाला लागली होती. इकडं बाकावर जाळी चौकोनी घ्यायची की गोल, यावर बोलणं चालू होतं आणि ते लवकर संपणार नव्हतं.